उघडे डोंगर, हरवलेली कुळं, परतलेले बीव्हर: स्कॉटलंडचं रान

रानवाट | १४ एप्रिल

नमस्कार मंडळी,

मागे सहलीच्या धाग्यावर इथले फोटो टाकले, तेव्हा निम्म्या प्रतिसादांत एकच वाक्य होतं: काय मोकळे डोंगर आहेत! सात वर्षांपूर्वी स्पे नदीच्या खोऱ्यात राहायला आले तेव्हा मीही हेच म्हणत होते. खाली नदीकाठी पाइनचं रान, आणि जरा वर चढलं की केर्नगॉर्म डोंगररांगेच्या उतारांवर नजर जाईल तिथवर नुसतं हेदर नावाचं खुरटं झुडूप. ऑगस्टमध्ये ते जांभळं फुलतं, एरवी वाळल्या चहाच्या रंगाचं असतं. हा मोकळेपणा माणसाच्या हातचा आहे, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

झालं असं, की एका स्वयंसेवी गटाबरोबर मी रोपं मोजायला जाऊ लागले. आमच्यात एक आजोबा होते, आयुष्य जंगलखात्यात काढलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं आणि दोन्ही हातांनी हेदर बाजूला करायला सांगितलं. आत गुडघ्याएवढं पाइनचं रोप. "वय सांग याचं." मी म्हटलं, चार-पाच वर्षं. त्यांनी माझं बोट धरून खोडावर ठेवलं. अंगठ्याएवढं जाड, पिळवटलेलं, सालीला भेगा, आणि जागोजागी शेंडा खुडल्याच्या गाठी. "वीसच्या पुढे असेल," ते म्हणाले. "दर हिवाळ्यात हेदरच्या वर डोकं काढतं आणि दर हिवाळ्यात हरीण शेंडा खाऊन जातं." त्या दिवशी आम्ही अशी कितीतरी रोपं मोजली. एकाचाही शेंडा धड नव्हता.

पाइन, बर्च आणि रोवनची रानं इथे कधीकाळी दूरवर पसरलेली होती. त्या जुन्या कॅलेडोनियन पाइनरानाचे आज ८४ तुकडे नोंदवलेले आहेत. लाकडासाठी तोड झाली, मेंढ्या चरल्या, लांडगा संपला. मग व्हिक्टोरिया राणीच्या काळात बड्या लोकांना इथल्या शिकारीची गोडी लागली आणि डोंगरच्या डोंगर हरणांसाठी आणि ग्राउझसाठी राखले गेले. ग्राउझ हा आपल्या तित्तिराच्या गोतावळ्यातला पक्षी. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्याला खायला कोवळं हेदर लागतं म्हणून जुनं हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात. उंचावरून पाहिलं तर डोंगर ठिगळांच्या गोधडीसारखा दिसतो. २०२४ च्या कायद्याने ग्राउझच्या शिकारीला आणि हेदर जाळायला परवान्याची अट घातली, हे चांगलंच झालं.

रानाबरोबर माणसंही गेली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी मोकळी केली. उत्तरेला सदरलँडमध्ये स्ट्रॅथनेव्हर नावाचं खोरं आहे. १८१४ आणि १८१९ साली तिथली कुळं हुसकावली, घरांची छपरं जाळली. मी मुद्दाम 'कुळं' म्हणतेय, कारण त्यांची अवस्था नेमकी तीच होती: कसायचं आपण, मालकी दुसऱ्याची, आणि कागद कुणाच्याच हातात नाही. काही लोक किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर ढकलले गेले, बरेच कॅनडाला गेले. मागच्या मे महिन्यात मी त्या खोऱ्यात चालत होते. तपकिरी उतारावर अधूनमधून हिरव्यागार गवताचे चौकोन दिसतात. जवळ गेलं की दगडांच्या पडक्या भिंती. पिढ्यान्‌पिढ्या शेणखत पडलेली ती शेतं आहेत. दोनशे वर्षं झाली तरी खताचा हिरवेपणा गेलेला नाही.

म्हणून कुणी "किती अस्पर्श निसर्ग" म्हणालं की मला ते हिरवे चौकोन आठवतात.

आता काही गोष्टी परत येत आहेत: रान, बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्याला बांध घालणारा प्राणी), गरुड, आणि थोडीफार माणसंसुद्धा. इथे राहणाऱ्यांनी आपापल्या भागाचं लिहावं, बाकीच्यांनी मोकळेपणाने विचारावं.

सह्यगिरी | १४ एप्रिल

फार छान धागा. खोडावर बोट ठेवायचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये.

आमचा पुण्याचा चार जणांचा गट सप्टेंबरच्या शेवटी येणार आहे. ऐकलंय की तिथे कुणाच्याही जमिनीवरून चालता येतं आणि तंबूही ठोकता येतो. हे खरंच इतकं मोकळं आहे का? आपल्याकडे बांधावरून जायचं म्हटलं तरी वहिवाटीचे खटले दोन-दोन पिढ्या चालतात.

रानवाट | १५ एप्रिल

सह्यगिरी, खरं आहे. आणि वहिवाटीचे खटले इथेही चालले, त्यातूनच हे आलंय.

ग्लेन डॉल नावाच्या दरीतून ब्रेमारकडे जाणारी एक जुनी डोंगरवाट आहे. गुराखी आणि मेंढपाळ आपली जनावरं त्या वाटेने न्यायचे. एकोणिसाव्या शतकात तिथली जमीन घेतलेल्या मालकाने वाट अडवली. वाटांच्या हक्कासाठी १८४५ मध्ये स्थापन झालेली एक संस्था कोर्टात गेली. साक्षीला कोण, तर म्हातारे मेंढपाळ: आम्ही या वाटेने मेंढरं नेली, आमच्या बापांनी नेली. खटला पार लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८८८ मध्ये वाट लोकांची ठरली. खर्चाने दोन्ही बाजू पुरत्या खंगल्या. आज त्या वाटेला 'जॉक्स रोड' म्हणतात, जॉक विंटर या मेंढपाळाच्या नावावरून. न्यायाधीशाचं किंवा वकिलाचं नाव न लागता मेंढपाळाचं लागलं, याचा मला फार आनंद होतो.

पुढे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने हा हक्क एका वाटेपुरता न राहता जवळजवळ सगळ्या जमिनीला आणि पाण्याला लागू झाला. चाला, सायकल चालवा, घोड्यावर जा, होडी वल्हवा, छोटा तंबू ठोकून रात्र काढा. अट एकच, जबाबदारीने वागायचं. कुणाचं घर-अंगण आणि उभं पीक यातून वगळलेलं आहे, मोटारगाडीलाही हा हक्क नाही. लॉख लोमंड सरोवराच्या आसपास काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबूला परवाना लागतो, कारण तिथे गर्दीने फार नासधूस झाली होती.

तुम्हाला बॉथीचा अनुभव नक्की घ्या म्हणेन. डोंगरातली जुनी मेंढपाळांची, गड्यांची घरं. १९६५ पासून एक संस्था ती स्वयंसेवकांच्या बळावर सांभाळते, आज शंभरएक आहेत. कुलूप नाही, भाडं नाही, वीज नाही, नळ नाही. दार लोटायचं, आत जायचं. माझ्या पहिल्या बॉथीत भिंतीला टेकवलेलं एक फावडं होतं, शौचाला लांब जाऊन खड्डा करण्यासाठी. चुलीशेजारी कुणीतरी कोरडी लाकडं आणि अर्धी मेणबत्ती पुढच्यासाठी ठेवून गेलं होतं. आम्ही सकाळी निघताना आमची उरलेली मेणबत्ती तिथेच ठेवली. मोठ्या गटाने मात्र बॉथीत जाऊ नये, तुम्ही चौघं आहात तर चालेल, तरी तंबू बरोबर असू द्या. जागा भरलेली असू शकते.

मेंढवाडा | १७ एप्रिल

धागा वाचला, चांगला आहे. पण दुसरी बाजूही यायला हवी म्हणून लिहितो.

मी पश्चिम किनाऱ्यावर ओबनजवळ पशुवैद्य आहे. मूळचा सांगोल्याकडचा, घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. सध्या इथे विण्याचा हंगाम तोंडावर आहे. डोंगरावरच्या ब्लॅकफेस मेंढ्या उघड्यावर वितात, पावसात, वाऱ्यात. शेतकरी पहाटे चारला चढतो आणि रात्री दहाला उतरतो. गेल्या वर्षी अशा एका शेतावर मी होतो. त्या माणसाने वहीत रेघा मारून दाखवल्या: इतक्या मेंढ्या गाभण होत्या, इतकी कोकरं जन्मलेली आम्ही डोळ्यांनी पाहिली, आणि जूनमध्ये गोळा केली तेव्हा इतकी कमी. मेलेलं कोकरू सापडलं तर कारण सांगता येतं. जे सापडतच नाही त्याचं काय? वर समुद्रगरुडाचं घरटं आहे. शहरातले लोक दुर्बिणी घेऊन ते बघायला येतात आणि टाळ्या वाजवतात.

माझे आजोबा म्हणायचे, लांडग्याचा वाटा धरूनच मेंढरं मोजायची. आमच्या माळावर लांडगा अजून आहे आणि मेंढपाळही आहे. पण तिथे वाटा ठरवणारा आणि वाटा देणारा माणूस एकच होता. इथे वाटा एडिंबरात ठरतो आणि द्यायचा मात्र याने.

तळकोकणी | १७ एप्रिल

मेंढवाडा, शेवटचं वाक्य काळजाला लागलं.

समुद्रगरुड म्हणजे आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूच्या किंवा आंब्याच्या उंच झाडावर घरटं करतो तोच का? आमच्या घरामागे वर्षानुवर्षं एक जोडी असायची. ते मासे आणि समुद्रसाप आणायचे. कोकरं उचलणारा कधी ऐकला नाही.

रानवाट | १८ एप्रिल

तळकोकणी, भाऊबंद आहेत, पण जात वेगळी. आपला पांढऱ्या पोटाचा, इथला पांढऱ्या शेपटीचा आणि बराच मोठा. पंखांचा पसारा जवळजवळ अडीच मीटर. इथले लोक त्याला 'उडतं दार' म्हणतात, आणि डोक्यावरून गेला की पटतं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा सावली आधी आली.

मेंढवाडा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मी शेतीत नाही, मला त्या पहाटे चारची किंमत माहीत नाही. तरी गरुडाची बाजू मांडते. हा पक्षी इथलाच. गोळ्या घालून आणि विष घालून संपवला. शेवटचा १९१८ मध्ये शेटलँडमध्ये मारला गेला. मग १९७५ पासून दहा वर्षांत नॉर्वेहून ८२ पिल्लं आणून रम बेटावर सोडली. १९८५ मध्ये मल बेटावर पहिलं पिल्लू रानात मोठं होऊन उडालं. आज शंभरावर जोड्या आहेत. मलवर त्याला बघायला येणाऱ्यांच्या जिवावर कितीतरी घरांची चूल पेटते. आणि त्याच्या घरट्यात सापडणारी सगळी कोकरं जिवंत उचललेली नसतात. मेलेलं उचलणं त्याला जास्त सोपं.

मेंढवाडा | १८ एप्रिल

दोन्ही होतं, ताई. मेलेलंही नेतो, जिवंतही नेतो. ते मेलेलं होतं हे सांगायचं ओझं शेतकऱ्यावर, एवढंच माझं म्हणणं. सरकारची योजना आहे, पण ती राखणीच्या उपायांना मदत करते, गेलेल्या कोकराची भरपाई देत नाही. आणि मलवरची पर्यटकांची चूल ज्याच्या घरात पेटते, त्याच्या घरात मेंढ्या असतीलच असं नाही.

गरुड नको असं मी म्हणत नाही. कोकरं कमी होणाऱ्या डोंगरावर दर वसंतात एक माणूस पगारी राखण करायला ठेवा. आमच्याकडे कुत्री आणि पोरं असायची, इथे पोरं शहरात गेली.

पिंपळपान | २० एप्रिल

वाचनीय चर्चा. बीव्हरबद्दल कुणी सांगेल का? शीर्षकात आहे पण मजकुरात आला नाही.

रानवाट | २१ एप्रिल

पिंपळपान, आठवण केलीत ते बरं.

बीव्हर इथून सोळाव्या शतकात संपला, कातड्यासाठी आणि त्याच्या अंगातल्या सुगंधी स्रावासाठी मारून. २००९ मध्ये अर्गाइलमधल्या नॅपडेलच्या जंगलात नॉर्वेहून काही कुटुंबं आणून प्रयोग केला. त्याच सुमाराला टे नदीच्या खोऱ्यात पाळीव ठिकाणांहून निसटलेले बीव्हर आपापले पसरत होतेच. १ मे २०१९ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या स्पेच्या वरच्या अंगालाही सोडले.

बीव्हर दिसणं कठीण, त्याचं काम दिसतं. पाण्याकाठचं बर्च कुरतडून पाडलेलं असतं. बुंधा पेन्सिलीला टोक काढावं तसा दोन्हीकडून निमुळता. त्यावर दातांचे खोलगट ठसे, पटाशीने घेतल्यासारखे एकसारखे. खाली पांढऱ्या ढलप्यांचा सडा. मी एक ढलपी उचलून वास घेतला, ताज्या लाकडाचा गोडसर वास होता, म्हणजे काम आदल्या रात्रीचं असावं. पुढे चिखल, फांद्या आणि दगडांचा बांध. बांधामागे साठलेल्या पाण्यात बेडकांची अंडी, चतुर, बदकं. पूर आला की पाणी इथे थबकतं, उन्हाळ्यात हळूहळू झिरपतं. आपल्याकडे ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, तेच काम हा प्राणी दातांनी करतो.

त्रासही आहे. टेच्या खालच्या अंगाला स्कॉटलंडची उत्तम शेतजमीन आहे. तिथे चराचं पाणी अडलं की बटाट्याच्या शेतात तळं होतं. संरक्षण मिळाल्यावरही परवाना देऊन बीव्हर मारले गेले, आणि त्यावर खूप वाद झाला. आता मारण्याऐवजी पकडून दुसरीकडे सोडण्यावर भर आहे. हे मला बरोबर वाटतं: ज्या खोऱ्याला हवाय तिथे न्या.

खारावारा | २४ एप्रिल

मी लुईस बेटावर असते, नोकरीनिमित्त पाचवं वर्ष. इथे झाड शोधावं लागतं, त्यामुळे तुमच्या पाइनच्या गप्पा मला परदेशातल्या वाटतात.

आमच्याकडचं पीटबद्दल सांगते. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात न कुजता साठलेला शेवाळाचा आणि गवताचा थर. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर खोल गेलात की हजार वर्षं मागे गेलात. मे महिन्यात शेजारच्या आजी-आजोबांबरोबर पीट कापायला गेले. गेलिक भाषेत 'तारश्कर' नावाचं लांब दांड्याचं हत्यार असतं, त्याला काटकोनात पातं. आजोबा पायाने दाबून काप काढायचे, आजी खाली उभी राहून तो झेलायची आणि वर गवतावर फेकायची. काप काळा, ओला, थंड, लोण्यासारखा गुळगुळीत. एका कापात मला बर्चची सालपट दिसली, चांदीसारखी पांढरी. ज्या बेटावर आज झाड नाही त्या बेटाच्या पोटातलं झाड. मी ती सालपट कितीतरी वेळ हातात धरून उभी होते.

मग ते काप पसरून वाळवायचे, तीन-चार एकमेकांना टेकवून उभे करायचे, आणि शेवटी घराशेजारी उडवी रचायची. आपल्याकडे गोवऱ्यांची रचतात तशीच, बाहेरून तिरपे थर देऊन, पाऊस आत शिरू नये म्हणून. धुराचा वास घरात, कपड्यांत, केसांत. पहिल्या हिवाळ्यात तो वास आल्यावर मला आजोळच्या चुलीची आठवण येऊन रडू आलं होतं.

आणि कॉर्नक्रेक! वाळूच्या सुपीक पट्ट्यांवर, इथे त्याला मॅकर म्हणतात, जूनमध्ये फुलांचा गालिचा असतो. त्या गवतात दडून हा पक्षी रात्रभर 'क्रेक्स क्रेक्स' करतो. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावं तसा आवाज. आफ्रिकेतून उडत येतो, आणि यंत्राने लवकर गवत कापल्यामुळे जवळजवळ संपला होता. आता इथले क्रॉफ्टर गवत उशिरा कापतात आणि शेताच्या मधून बाहेर कापत जातात, म्हणजे पिल्लांना कडेला पळायला वाट राहते. त्यासाठी त्यांना अनुदान मिळतं. मेंढवाडा, तुम्ही म्हणता तसं, देणाऱ्याला विचारून ठरवलेलं हे एक उदाहरण.

पिंपळपान | २५ एप्रिल

क्रॉफ्टर म्हणजे नक्की काय? आणि पीट जाळणं पर्यावरणाला वाईट ना?

खारावारा | २६ एप्रिल

क्रॉफ्ट म्हणजे काही एकरांचा कसायचा तुकडा आणि त्याबरोबर गावाच्या सामाईक चराईत वाटा. चराई म्हणजे आपलं गायरानच समजा. लोकांनी लढे दिल्यावर १८८६ मध्ये कायदा झाला: रास्त खंड, आणि जमिनीवरून हुसकावता येणार नाही. आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला मालक केलं. यांना तुकडा विकत घ्यायचा हक्क मिळायला १९७६ उजाडलं, आणि कित्येक जण आजही कूळच आहेत.

पीटचं म्हणाल तर जळताना कार्बन सुटतो हे खरं. पण घरापुरती कापणी आणि अख्खी दलदल आटवणं यांत फार फरक आहे. उत्तरेच्या फ्लो कंट्रीत, केथनेस आणि सदरलँडमध्ये, सुमारे चार हजार चौरस किलोमीटर सलग दलदल आहे. १९८० च्या दशकात करसवलतीसाठी लांबच्या श्रीमंतांनी तिथे चर खणून परदेशी स्प्रूस लावले. दलदल आटली, पक्षी गेले. मग ती झाडं तोडून चर बुजवायचं काम कितीतरी वर्षं चाललं, अजून चालू आहे. जुलै २०२४ मध्ये फ्लो कंट्री युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

रानवाट | २६ एप्रिल

खारावारा, किती सुंदर लिहिलंत. झाड लावणं नेहमीच पुण्याचं नसतं, हे फ्लो कंट्री बघितल्यावर कळतं.

आणि जमीन परत मिळवण्याचं अजून एक: असिंटच्या क्रॉफ्टरांनी १९९३ मध्ये वर्गणी काढून आपली इस्टेट विकत घेतली. १९९७ मध्ये एग बेटाच्या लोकांनी बेटच घेतलं. २००८ पासून तिथे पाणी, वारा आणि सूर्य यांवर चालणारी गावाची स्वतःची वीज आहे. आज बेटावर शंभराच्या आसपास माणसं राहतात, घेतलं तेव्हा साठ-पासष्ट होती.

दप्तरी | २९ एप्रिल

या धाग्याला एक जुना दुवा जोडतो. स्कॉटलंडमधल्या लॉरेन्सकर्क इथे जन्मलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन कंपनी सरकारचे शल्यचिकित्सक म्हणून मुंबई इलाख्यात आले आणि वनस्पतींत रमले. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे ते प्रमुख होते. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. कोकणातली तोड बघून झरे आटत आहेत असं ते वरिष्ठांना कळवत होते. आपल्या गावातले डोंगर कधीच उघडे झालेल्या देशातला माणूस सह्याद्रीची झाडं वाचवा म्हणत होता, याचा मला नेहमी विचार पडतो. अर्थात त्याच वनखात्याने पुढे रानातल्या माणसांचे चराईचे आणि सरपणाचे हक्कही आवळले, हेही तितकंच खरं.

मनीची_आई | ३ मे

आम्ही अ‍ॅबर्डीनहून केर्नगॉर्मच्या कडेच्या गावात राहायला जातोय. शेजारीण म्हणाली, मांजरीचं ऑपरेशन आणि लसी झाल्यात ना बघ, रानमांजरं सोडलीत. हे काय प्रकरण आहे?

रानवाट | ४ मे

शेजारणीने अगदी योग्य सांगितलं. इथलं रानमांजर संपायचं मोठं कारण म्हणजे पाळीव मांजरांशी झालेला संकर. दिसायला रानमांजर, पण रक्तात निम्मं घरचं. २०१९ च्या अहवालाने सांगितलं की आपल्या बळावर टिकेल एवढी खरी रानमांजरं रानात उरलेली नाहीत. मग किंगयुसीजवळच्या प्राणिसंग्रहात पिल्लं वाढवली, माणसाची सवय लागू न देता, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात १९ मांजरं गळ्यात जीपीएसचे पट्टे घालून सोडली. पुढच्या वर्षी त्यांना रानात पिल्लं झाली. ती बातमी आली तेव्हा आमच्या गावातल्या दुकानात अनोळखी लोक एकमेकांना सांगत होते. तुमच्या मनीचं ऑपरेशन आणि लसीकरण हे या कामाला मोठंच साहाय्य आहे.

सह्यगिरी | ५ मे

एक प्रश्न राहिला. हरणं शेंडे खातात, तर कुंपण का घालत नाहीत?

रानवाट | ६ मे

घालतात, बऱ्याच ठिकाणी. पण कॅपरकेली नावाचा कोंबड्याच्या गोतातला मोठा काळा पक्षी आहे, पाइनरानात राहतो. तो खालून वेगाने उडतो आणि तारेवर आपटून मरतो. २०२१-२२ च्या गणनेत सगळ्या स्कॉटलंडमध्ये असे सुमारे ५४० पक्षी उरले होते. म्हणजे रान वाचवायला कुंपण घालावं तर रानातला पक्षी मरतो. म्हणून आमच्याकडे अनेक कुंपणं काढली गेली. मग उरतो एकच मार्ग, हरणं कमी करणं. लांडगा नाही, तर बंदूक.

मी माळकरी घरातली. हे पचायला मला फार जड गेलं. एकदा आमच्या भागातल्या शिकाऱ्याबरोबर नोव्हेंबरमध्ये दिवसभर डोंगरात होते. तो चार तास ओल्या हेदरमधून सरपटत गेला, एक गोळी, मादी जागेवर पडली. तो तिच्याजवळ गेला, टोपी काढली, थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग तिच्या पोटाची चरबी दाखवून म्हणाला, बघ, काही नाही अंगावर, मार्चपर्यंत उपाशीच मेली असती. दर कडक हिवाळ्यात दरीत मेलेली हरणं सापडतात, हे मी स्वतः पाहिलंय. मी आजही मांस खात नाही. पण ग्लेन फेशीत जाऊन आले. तिथे २००४ च्या सुमाराला हरणं मोठ्या प्रमाणावर कमी केली, आजूबाजूच्या गावांत त्यावर खूप संताप झाला होता. आज तिथे कुंपणाशिवाय पाइन उगवलंय. सह्यगिरी, तुम्ही याल तेव्हा ती दरी चुकवू नका. २०२३ पर्यंत नरांच्या शिकारीचा मोसम कायद्याने २० ऑक्टोबरला संपायचा, आता तशी मुदत नाही, तेव्हा वाटेवरच्या पाट्या वाचून जा. गोचीड अंगावर चढते, रात्री गुडघ्यांच्या मागे आणि काखेत तपासा. मिजेस नावाची चिलटं सप्टेंबरअखेर बरीच ओसरलेली असतात.

मेंढवाडा | १९ जून

कोकरं गोळा झाली. त्याच शेतावर होतो. या वर्षी शेतकऱ्याने गाभण मेंढ्या घराजवळच्या कुरणात वितवल्या, योजनेतून थोडी मदत मिळाली. वहीत रेघा मारल्या, गेल्या वर्षीपेक्षा कमी गेली. एका वर्षावरून काही म्हणणार नाही. खारावारा, तुमच्या गवत कापण्याच्या पद्धतीचं त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्यांना विचारायला कोणी घरी आलं होतं का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, मग ठीक आहे.

सह्यगिरी | ९ ऑक्टोबर

परत आलो. ग्लेन फेशीत दोन रात्री काढल्या, एक बॉथीत, एक तंबूत. रात्रभर नर हरणं डोंगरातून हुंबरत होती, एकाचा आवाज थांबला की दुसऱ्या बाजूने. आमच्यातल्या कुणालाच झोप नको होती.

सकाळी नदीकाठाने वर चढलो आणि वाटेच्या कडेला हेदर बाजूला केलं. पाइन होतं, माझ्या छातीपर्यंत. त्याचं वय कसं ओळखायचं?

रानवाट | ९ ऑक्टोबर

पाइन दर वर्षी फांद्यांचा एक फेर काढतं. बुंध्यापासून वर फेर मोजत जायचं, तळाशी झडलेल्या फांद्यांच्या खुणाही धरायच्या, आणि रोपाची पहिली दोन-तीन वर्षं मिळवायची. फोटोत दिसतायत का?

सह्यगिरी | ९ ऑक्टोबर

तिथेच मोजले होते, कशासाठी ते माहीत नसताना. अकरा फेर. शेंडा शाबूत होता.